शेतीशाळेत बोलायला उभं राहण्याआधी

शेतकऱ्यांना सल्ला द्यायच्या आमच्या कामावर नव्यानं रुजू झालेली पोरं-पोरी विचारतात, "ताई, गावात बोलायचं कसं?" शेतीचं त्यांना चांगलं येतं. कपाशीच्या बोंडात शिरणाऱ्या गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील. अडतं ते पुढे. मारुतीच्या पारावर माणसं जमली, आपण तासभर बोललो, सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला, आणि आठवडा उलटला तरी एकाच्या वावरात अळीचे पतंग पकडायचा सापळा लागलेला नाही. मग डायरीत शेरा पडतो, 'शेतकऱ्यांचा प्रतिसाद कमी'. मला हा शेरा आवडत नाही. आपण बोललो ते पोचलं की नाही हे तपासायची सोय आपणच केलेली नसते.

माणसं एकमेकांशी कशी बोलतात, बोललेलं कुठं अडतं, याचा अभ्यास करणारं एक शास्त्र आहे. त्यातल्या काही कल्पना यवतमाळकडच्या आमच्या कापूसपट्ट्यात मी रोज वापरते. त्या कशा वापरायच्या ते सांगते.

निघण्याआधी डायरीच्या पानावर पाच प्रश्न लिहा: कोण बोलणार, काय, कोणत्या मार्गानं, कोणाला, आणि त्यातून काय घडायला पाहिजे. हॅरॉल्ड लासवेल नावाच्या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये संवादाचा अभ्यास या पाच प्रश्नांत बसवला. उत्तरं मात्र शेवटच्या प्रश्नापासून उलटी लिहीत या. 'बोंडअळीबाबत जनजागृती' हे उत्तर नव्हे, ते अहवालातलं वाक्य झालं. 'पुढच्या सोमवारपर्यंत प्रत्येकानं एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे) लावावेत आणि रोज सकाळी त्यातले पतंग मोजावेत', हे उत्तर. असं लिहिलं की बाकीचं आपोआप सुचतं. दाखवायला सापळा आणि ल्यूर, म्हणजे त्यात लावायची वासाची गोळी, सोबत न्यावा लागेल हेही तेव्हाच लक्षात येतं.

मग 'कोणाला' या प्रश्नावर जरा थांबा, कारण आमच्याकडे सगळ्यात मोठी गफलत इथंच होते. सभेला येतो तो सातबाऱ्यावर नाव असलेला. पाठीवर फवारणीचा पंप असतो सालदाराच्या नाहीतर रोजंदारीवाल्याच्या, आणि तो त्या वेळी वावरात असतो. कापूस वेचतात बाया; डोमकळी (अळीमुळे न उमललेलं फूल) आणि किडकं बोंड सगळ्यात आधी त्यांच्या हाताला लागतं, पण त्या सभेत आल्याच तर मागे, देवळाच्या भिंतीला टेकून बसतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली. त्यात दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारणारेही होते. तेव्हा फवारणीवर बोलायचं असेल तर सकाळी सात वाजता धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जा, पंप भरायच्या आधी. पाच माणसं भेटली तरी ती सभा खरी.

आता 'गोंगाट'. ही कल्पना टेलिफोनवाल्यांची. क्लॉड शॅनन बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. तारेतून जाणारा संदेश कुठं बिघडतो याचं गणित त्यानं १९४८ मध्येच मांडलं. पुढे संवादाचा अभ्यास करणाऱ्यांनी 'गोंगाट' माणसांच्या बोलण्यालाही लावला. कानाला ऐकू येणारा गोंगाट सोपा असतो: पिठाची गिरणी, लग्नाचा डीजे, सप्त्याचा भोंगा. जागा नाहीतर वेळ बदलली की संपला. डोक्यातला गोंगाट जड. पीककर्जाच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली असेल तर त्या आठवड्यात बोंडअळी कोणाच्या डोक्यात शिरणार नाही. आधी कर्जाबद्दल दोन शब्द बोलून घ्या, जमल्यास बँकेत कोणता कागद लागतो ते सांगा, मग आपला विषय काढा.

तिसरा गोंगाट अर्थाचा, आणि तो औषधाच्या डब्यावरच छापलेला असतो. कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. आता ज्यानं फक्त रस्त्यावरचा सिग्नल पाहिलाय तो काय म्हणेल? पिवळा म्हणजे 'जरा सांभाळून'. प्रत्यक्षात ते लालच्या खालोखालचं जहर. निळा तर सिग्नलवर नसतोच, त्यामुळे त्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या मनानं लावलेला. खूण तीच, पण छापणाऱ्याची आणि बघणाऱ्याची शिकवणी वेगवेगळी. विल्बर श्रॅम या अभ्यासकाचं म्हणणं होतं की सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या अनुभवाचा जेवढा भाग एकमेकांवर येतो तेवढ्यातच अर्थ पोचतो. म्हणून चार रंगांचे चार मोठे कागद न्या आणि आधी विचारा, "भाऊ, यातलं सगळ्यात खतरनाक कोणतं?" उत्तरं ऐका. मगच सांगा.

मात्रेचंही तसंच. आपली शिफारस १० लिटर पाण्याला इतके मिली. त्याचा पंप १५ लिटरचा नाहीतर २० चा, आणि माप म्हणजे बाटलीचं झाकण. तुम्ही '१० लिटरला २० मिली' म्हणालात की तो पंपाला २० मिली टाकेल, नाहीतर 'जरा जोर येऊ द्या' म्हणून दोन झाकणं जास्त. तुम्हीच हिशोब करून न्या: १५ लिटरच्या पंपाला ३०, २० च्या पंपाला ४०. मापाचा पेला हातात द्या आणि साध्या पाण्यानं त्याच्याकडूनच भरून घ्या. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप असेल तर हा हिशोब लागू नाही, तेही तिथंच बोला.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते. 'समजलं का?' हा प्रश्न विचारूच नका. त्याला कोणी नाही म्हणत नाही. डोलणारी मान म्हणते, 'ऐकून राहिलो, चालू द्या.' तुमचं पटलं असा तिचा अर्थ नसतो. प्रतिसाद मिळवायचा तर समोरच्याला बोलतं करावं लागतं. मागच्या हंगामात बोंडं फोडून पाहायची पद्धत सांगत होते. एकरातून २० बोंडं तोडायची, फोडायची, २ किंवा जास्त बोंडांत अळी दिसली तर नुकसान १० टक्क्यांच्या पातळीला पोचलं, मग फवारणीचा विचार. सांगून झाल्यावर पुढे बसलेल्या काकांना म्हटलं, "काका, घरी पोराला काय सांगसान?"

"हेच का, ईस बोंडं फोडून पाह्यजो म्हनून."

"कोणती बोंडं?"

"खाली पडलेली. झाडावरची चांगली कायले नासवाची?"

आजूबाजूच्या चौघांनी लगेच 'हाव' केलं. माझं सगळं बोलणं बरोबर होतं आणि पोचलेलं मात्र भलतंच होतं. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. हिरवं बोंड म्हणजे घरात येणारा कापूस, तो हातानं कोण फोडेल? मग एक हिरवं, टणक, बाहेरून अगदी निरोगी दिसणारं बोंड तोडून काकांच्याच हातात दिलं. त्यांनी विळ्यानं चिरलं. आत गुलाबी अळी. अळी लहान असताना बोंडात शिरते आणि तिचं छिद्र नंतर बुजून जातं, म्हणून वरून काही कळत नाही. हे कारण मी आधीही सांगितलं होतं. पण काकांनी स्वतः चिरल्यावर शेजारच्यानं आपणहून विचारलं, "मंग वेगवेगळ्या झाडावरची घ्याची का एकाच तासातली?" तास म्हणजे झाडांची ओळ. असा प्रश्न आला की समजा आता गाडी रुळावर. वेगवेगळ्या झाडांवरची, वावराच्या सगळ्या बाजूंनी.

तेव्हा तासभराच्या सभेत तुमचं बोलणं वीस मिनिटांत आटपा. बाकीचा वेळ त्यांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. मांसाचे जे भाग घरोघरी खात नसत, म्हणजे जनावराचं हृदय, मूत्रपिंड वगैरे, ते गृहिणींनी वापरावेत अशी सरकारची इच्छा होती. काही गटांना चांगलं व्याख्यान दिलं, काही गटांना आपसात चर्चा करून ठरवू दिलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायांनी ते शिजवलं, चर्चेत बसलेल्यांपैकी ३२ टक्के. मी हे आकडे वरिष्ठांना आवर्जून सांगते, कारण त्यांना फोटोत माईक धरलेला माणूस पाहिजे असतो.

आणि हे शिकायला अमेरिकेलाच जावं लागतं असंही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्नच विचारत, आपल्या वऱ्हाडीत, आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढून घेत. कीर्तनाच्या आधी हातात झाडू घेऊन गाव झाडत. स्वच्छतेचा संदेश तोंड उघडण्याआधीच पोचलेला.

यावरून आठवलं. प्रशिक्षणात पडद्यावर एक वाक्य हमखास येतं, की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि देहबोली. त्यावर विश्वास ठेवू नका. आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांचे १९६७ चे ते प्रयोग सुट्या शब्दांतून आवड-नावड कशी कळते एवढ्यापुरते होते. हातवाऱ्यांनी कोणाला फवारणीची मात्रा सांगून दाखवा बरं. देहबोलीचं महत्त्व आहेच, पण वेगळ्या ठिकाणी. तुम्ही खुर्चीवर आणि लोक सतरंजीवर, की तो सरकारी कार्यक्रम झाला. प्रश्न येणार नाहीत. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञांनी माणसांमधल्या अंतराचा अभ्यास केला होता. साडेतीन-चार मीटरच्या पलीकडे माणूस भाषण करतो, त्याच्या आत बोलतो, असं ढोबळमानानं धरा. सतरंजीवर बसा, गोल करा, बाया भिंतीशी असतील तर तुम्हीच उठून त्या बाजूला सरका. आणि पोचल्या पोचल्या विषयावर येऊ नका. "पऱ्हाटी (कपाशी) काय म्हणते? पाऊस कुठवर झाला?" हे बोलणं फुकट जात नाही. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ मध्येच लिहून ठेवलंय की असल्या बोलण्यातून माहिती मिळत नाही, संबंध जुळतो.

पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, जायचं असेल तर तयारी वेगळी. घरात कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आपली पुस्तकी मराठी दुरून आलेली वाटते. पोडाच्या नाईकाला, म्हणजे प्रमुखाला, आदल्या दिवशी भेटा, विषय सांगा, आणि दोन्ही भाषा येणाऱ्या एखाद्या पोरीला शेजारी बसवा. तिनं सांगितलेलं मधे तोडू नका.

सभेत न आलेल्यांचं काय? १९४३ मध्ये रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांचा अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या संकरित मक्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बियाण्याची पहिली बातमी शेतकऱ्यांना विक्रेत्यांकडून कळली होती, पण पेरायचं ठरलं ते शेजाऱ्याचं पाहून. आमच्याकडेही हेच. कृषी केंद्रवाला काय म्हणतो आणि शेजारच्या धुऱ्यावर काय दिसतं, या दोन गोष्टींपुढे माझी पत्रकं फिकी. त्यामुळे सभेच्या आदल्या दिवशी कृषी केंद्रात जाऊन बसते. सापळे आणि ल्यूर ठेवलेत का विचारते, पतंगांची धोक्याची पातळी तिथंही सांगते: सलग ३ दिवस एका सापळ्यात रोज ८ ते १०. दुकानदाराशी वैर धरून उपयोग नाही, गिऱ्हाईक शेवटी त्याच्याच काउंटरवर येणार. आणि पहिला सापळा गावातल्या सगळ्यात श्रीमंताच्या वावरात लावू नका. 'त्याचं जमते बाप्पा' म्हणून लोक सोडून देतात. दोन-चार एकरवाला, रस्त्याकडेचं वावर असलेला, चार लोकांत बसणारा माणूस शोधा.

राहिला व्हॉट्सॲप. दवंडीचं काम त्यावर होतं, समजावणीचं होत नाही. लिहिलेल्यापेक्षा तुमच्या आवाजातला मेसेज बरा, एका मिनिटाच्या आत, एकच काम सांगणारा. सुरुवातीला गावाचं नाव आणि तारीख बोला. नाहीतर ऑगस्टमधला फवारणीचा मेसेज उलंगवाडीच्या, म्हणजे कापूस वेचून संपायच्या, वेळेला फिरत राहतो आणि लोक तुम्हालाच फोन करतात.