एक सेमिस्टर बाहेर जायचंय? आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट बघा

एक्सचेंजचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न व्हिसाचा आणि दुसरा पैशांचा. मी सांगतो, आधी क्रेडिट्सचं बघा. सहा महिने तिकडे शिकून आलात आणि इथे मार्कशीटवर काहीच चढलं नाही तर काय करणार?

सुरुवात आपल्या युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसातनं करा. करार कुणाशी आहे आणि तो आपल्या विषयाला चालतो का, एवढंच विचारा. इरॅस्मस प्लसमध्ये, म्हणजे युरोपियन युनियनच्या एक्सचेंज योजनेत, शिकायला २ ते १२ महिने जाता येतं, तिकडची ट्यूशन फी पडत नाही, पण आपलं नाव आपल्याच युनिव्हर्सिटीने पाठवायला लागतं.

मग लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तिकडचे कुठले कोर्स इकडच्या कुठल्या पेपरच्या बदली धरणार ते त्यात लिहायचं, आणि खाली तीन सह्या, तुमची, इकडची, तिकडची. युरोपात सेमिस्टरला ३० ईसीटीएस, म्हणजे तिकडची क्रेडिट्स, असतात, एका क्रेडिटला २५ ते ३० तास, त्यात घरचा अभ्याससुद्धा धरतात, म्हणून आपल्या क्रेडिटशी आकडा जुळला नाही तर घाबरू नका.

माझा घोळ सांगतो. मी वेबसाइट बघून कोर्स टाकले, त्यातला एक फक्त सप्टेंबरच्या सेमिस्टरला असायचा आणि मी गेलेलो फेब्रुवारीत, ते कळलं तिकडे पोचल्यावर. परत बदलाचा फॉर्म, परत तीन सह्या, आणि इकडे गोव्यात नेमका शिगमो, म्हणजे आपला शिमगा, सर फोनच उचलेनात! तेव्हा कोर्स कुठल्या सेमिस्टरला आणि कुठल्या भाषेत ते तिकडच्या कोऑर्डिनेटरकडनं ईमेलवर लिहून घ्या, आणि सिलॅबसची पीडीएफ सेव्ह करून ठेवा.

व्हिसा त्यानंतर. ९० दिवसांच्या वर राहायचं तर त्या देशाचा नॅशनल व्हिसा लागतो. पोर्तुगालचं कॉन्सुलेट पणजीतच आहे ही आपली सोय, पण पोर्तुगीज पासपोर्टवाल्या दोस्ताचं ऐकून निवांत बसू नका, तो युरोपियन युनियनचा नागरिक, त्याला व्हिसाचं काहीच करायला लागत नाही. आणि सप्टेंबरचं सेमिस्टर असेल तर चवथ (गणेश चतुर्थी) बहुतेक चुकणार, आईला आत्ताच सांगून ठेवा.

परत आल्यावर ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे तिकडच्या मार्कशीटच्या, मागे लागा. इरॅस्मसमध्ये तिकडचा रिझल्ट लागल्यापासून पाच आठवड्यांत तो द्यायचा नियम आहे. हातात आला की एक्झाम सेक्शनला नेऊन द्या आणि झेरॉक्सवर शिक्क्यासकट पोच घ्या.