रंगचक्रातला जांभळा मळकट का होतो? या चुका टाळा

शाळेत मुलं रंगचक्र, म्हणजे रंगांची नाती दाखवणारं घराघरांचं वर्तुळ, रंगवतात तेव्हा नारिंगी छान जमतो, हिरवाही जमतो, आणि जांभळ्याच्या घरात गाडी अडते. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे लाल आणि निळाच मिसळलेला असतो, तरी पॅलेटवर तपकिरी-करडं काहीतरी तयार होतं. मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. बहुतेक वेळा चूक हाताची नसते, रंगाच्या नळीची असते.

'लाल' म्हणजे एकच लाल नव्हे. व्हर्मिलियन किंवा स्कार्लेटमध्ये पिवळ्याची झाक असते, प्रशियन ब्लूमध्ये हिरव्याची. हे दोन मिसळले की जांभळ्यात नकळत पिवळाही शिरतो. पिवळा तर जांभळ्याचा विरोधी रंग, चक्रात अगदी समोरचा. समोरासमोरचे रंग एकमेकांचा तजेला मारतात, म्हणून मिश्रण मळतं. त्याऐवजी क्रिमसन लाल आणि अल्ट्रामरीन निळा घेऊन बघा. हिरव्यासाठी मात्र लेमन यलो आणि तोच प्रशियन ब्लू, नारिंगीसाठी व्हर्मिलियन. थोडक्यात, लाल आणि निळ्याच्या दोन-दोन नळ्या हव्यात. पेटीत एकेकच असेल तर जांभळा थोडा मंद येणार, त्यासाठी गुण कापू नयेत असं माझं मत.

प्रमाणही चुकतं. पिवळ्यात निळा ब्रशच्या टोकाने, अगदी कणभर घाला; निळ्यात पिवळा ओतत बसलात तर अर्धी नळी संपेल आणि हिरवा काही उजळणार नाही. पाण्याचे दोन पेले ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ.

चक्र आखताना कंपासचं अंतर त्रिज्येइतकंच ठेवून परिघावर सहा खुणा करा, प्रत्येक कंस दुभागा. 30 अंशांची 12 घरं मिळतात. पण एका टोकापासून ओळीने रंगवत सुटू नका. आधी पिवळा, लाल, निळा 1, 5 आणि 9 क्रमांकाच्या घरांत. मग त्यांच्या बरोबर मध्ये दुय्यम रंग, म्हणजे दोन मूळ रंगांपासून होणारे नारिंगी, जांभळा आणि हिरवा. उरलेल्या घरांत शेजारच्या दोघांचं मिश्रण. पिवळ्यासमोर जांभळा, लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी आला नाही, तर घरं मोजण्यात घोटाळा झालाय.

गडद छटेसाठी सरसकट काळा नको. पिवळ्यात काळा घातला की चक्क शेवाळी हिरवा होतो! (मुद्दाम करून दाखवण्यासारखी गंमत आहे ही.)

एखादं मूल म्हणेल, "लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो." त्याला गप्प बसवू नका. मोबाइलच्या पडद्यावर तसंच घडतं, कारण तिथे प्रकाश मिसळतो. न्यूटनने 1704 मध्ये छापलेलं सात भागांचं रंगवर्तुळही प्रकाशाचंच होतं. रंगद्रव्यं प्रकाश शोषून घेतात, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा. प्रिंटरमध्ये तर सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळी शाई असते, आणि तिथला जांभळा मॅजेंटा-सायनमधून निघतो.