क्रूझवर बाल्कनीची खोली घेताय? या चुका टाळा

आईला घेऊन सिंगापूरहून पहिल्यांदा क्रूझवर गेलो, तेव्हा खोलीत शिरल्याशिरल्या तिने पडदा सारला, काचेचं दार ढकललं आणि बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसली. पाच मिनिटांनी बाहेरून हाक आली, "अगं, समुद्र कुठंय?"

मी बाहेर गेले. कठड्याच्या जरा खाली, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, लाइफबोटीचं नारिंगी छप्पर. उभं राहिलं की त्याच्या पलीकडे पाण्याची एक पट्टी दिसायची, बसलं की नुसतं नारिंगी. भांडायलाही तोंड नव्हतं. बुकिंगच्या कागदावर ‘बाल्कनी’ असं ठळक लिहिलं होतं आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’. एजंटने ते वाचून दाखवलं नाही आणि आम्ही वाचलं नाही.

त्यानंतर मी जेवढ्या क्रूझ केल्या, त्यांत एकच नियम पाळला. ‘बाल्कनीची खोली’ घ्यायची नाही, खोलीचा नंबर घ्यायचा. एकाच जहाजावर, जवळपास एकाच दरात मिळणाऱ्या दोन बाल्कनींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो फक्त नंबरावरून कळतो.

‘नंबर नंतर मिळेल’ याला हो म्हणणं

सर्वांत स्वस्त बाल्कनी असते ती ‘गॅरंटी केबिन’. नावात गॅरंटी आहे, पण ती फक्त एवढीच, की बाल्कनी किंवा तिच्याहून वरच्या दर्जाची खोली मिळेल. कुठली, ते कंपनी ठरवणार. लोकांनी नंबर बघून नाकारलेल्या खोल्या साहजिकच शेवटी उरतात आणि त्या यात वाटल्या जातात. नवरा-बायको दोघंच असाल आणि कुठंही झोप लागत असेल, तर खुशाल घ्या, पैसे वाचतात. आई-बाबा, लहान मूल, हलकी झोप यांतलं काहीही बरोबर असेल तर घेऊ नका.

नंबर मिळाला की जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, उघडा. तो कंपनीच्या साइटवर असतो. आपल्या खोलीचा मजला तर बघायचाच, पण त्याच्या वरचा आणि खालचा मजलाही त्याच जागी बघायचा. इथेच सगळे कंटाळा करतात. डोक्यावर पूल डेक असेल तर पहाटे पाच-साडेपाचला आरामखुर्च्या ओढून रांगेत लावण्याचा आवाज छतातून येतो. बुफेच्या खाली असाल तर ट्रॉल्यांची खडखड. पायाखाली थिएटर किंवा नाइट क्लब असेल तर रात्री एकपर्यंत ढोल. नकाशात काही जागा नुसत्या कोऱ्या, पांढऱ्या दाखवलेल्या असतात, त्यांचा मला जास्त संशय. तिथे बहुधा भटारखाना किंवा कर्मचाऱ्यांची ये-जा असते. सगळ्यांत निर्धास्त खोली कुठली, तर जिच्या वरही खोल्या आणि खालीही खोल्या.

लाइफबोटी कुठल्या मजल्याशी टांगल्या आहेत तेही त्याच नकाशात दिसतं. त्यांच्या लगेच वरच्या मजल्यावर बसून समुद्र बघायचा विचार असेल तर आमची आई आठवा.

अजून एक बारीक खूण. दोन शेजारच्या खोल्यांच्या मधल्या भिंतीवर नकाशात छोटा बाण असतो. म्हणजे मधे दार आहे. दोन कुटुंबं एकत्र जात असतील तर सोन्याहून पिवळं, नाहीतर पलीकडच्या अनोळखी माणसाचं घोरणं शब्दशः ऐकू येतं.

डावी-उजवीचा हिशेब न करणं

हा माझा आवडता भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला पोर्ट, उजव्या हाताला स्टारबोर्ड. बहुतेक जहाजांवर एका बाजूला सम नंबर आणि दुसऱ्या बाजूला विषम. कुठली बाजू सम, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून ऐकीव नियमावर जाऊ नका, नकाशात बघा. नकाशा आडवा असेल आणि नाळ उजवीकडे असेल तर वरची बाजू डावी. नाळ डावीकडे असेल तर खालची बाजू डावी. हे वाचून हसू येईल, पण या घोळात उलटी खोली घेतलेले दोघं जण माझ्या माहितीत आहेत. त्यांतली एक मीच.

आता आपलीच मुंबई-गोवा फेरी घ्या. जहाज बॅलार्ड पिअरहून निघतं, म्हणजे मुंबईच्या पूर्वेच्या किनाऱ्यावरून, आणि बंदरातून दक्षिणेकडे बाहेर पडतं. निघताना गेटवे, ताज, कुलाबा आणि टोकाचा प्राँग्ज दीपगृहाचा मनोरा, हे सगळं उजव्या हाताला. घारापुरी आणि उरणची बाजू डावीकडे. पुढे खुल्या समुद्रात आल्यावर पश्चिमही उजवीकडेच, म्हणजे सूर्यास्तही तिथेच. परतताना जहाजाचं तोंड उत्तरेला, त्यामुळे पहाटेची पूर्व पुन्हा उजवीकडे. म्हणून या फेरीला मी उजवी बाजू घेते. डावीवाल्यांना अगदीच काही मिळत नाही असं नाही. उजेड आणि हवा साफ असेल तर थळच्या समोरचे खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग त्यांच्या वाट्याला येऊ शकतात आणि शिवाजी महाराजांचा इतिहास वाचलेल्या माणसाला सूर्यास्तापेक्षा ते जास्त मोलाचं वाटेल. पण पुढचा कोकण किनारा बाल्कनीतून दिसेल ही आशा सोडा. जहाज किनाऱ्यापासून बरंच लांबून जातं आणि रात्र असते.

सिंगापूरहून पेनांग, फुकेतकडे जाताना मलाक्काच्या सामुद्रधुनीत मलेशियाचा किनारा उजवीकडे आणि मावळता सूर्य डावीकडे. परतताना उलट. तिथे कुठलीही बाजू घेतली तरी सारखंच, डोकं खाजवू नका.

अलास्काला मात्र आधी प्रवास एकेरी आहे की जाऊन-येऊन, ते बघा. व्हँकूवरहून उत्तरेला सीवर्डकडे एकेरी जाणाऱ्या जहाजावर मुख्य किनारा उजवीकडे असतो, सीवर्डहून खाली येणाऱ्यावर डावीकडे. लोक याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात. माझ्या मते अर्धी काळजी फुकट आहे. इनसाइड पॅसेज या बेटांमधल्या जलमार्गात दोन्ही बाजूंना डोंगर आणि बेटं असतात आणि ग्लेशियर बेमध्ये मार्जरी हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी वळवून दोन्ही बाजूंना दाखवतात. नॉर्वेच्या गैरांगरफ्योर्ड या कड्यांमधल्या अरुंद खाडीतही तसंच. एका कड्यावर ‘सात बहिणी’ धबधबा, तर समोरच्या कड्यावर त्यांना मागणी घालणारा ‘नवरदेव’. अशा ठिकाणी बाल्कनीत खुर्ची धरून बसण्यापेक्षा वरच्या मोकळ्या डेकवर जावं.

बोट लागते, आणि खोली घेतली तेराव्या मजल्यावर

‘बोट लागणं’ हा शब्द आपल्याकडे कोकणच्या बोटींच्या काळापासून घरोघरी आहे, तरी खोली निवडताना नेमका विसरला जातो. उंच आणि पुढची बाल्कनी छान दिसते, महागही असते. पण जहाज बागेतल्या सी-सॉसारखं हलतं, आणि सी-सॉची टोकं जास्त हलतात, मध्य कमी. ज्याला घाटात गाडी लागते, त्याच्यासाठी जहाजाच्या मधोमध आणि जमेल तितक्या खालच्या मजल्यावरची बाल्कनी बघा. शिवाय जहाज २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चाललं की पुढच्या बाल्कनीत वारा असा येतो की चहाच्या कपाखालचा कागदी रुमाल उडून जातो. अगदी समोर तोंड असलेल्या खोल्यांना रात्री पडदे बंद ठेवायला सांगतात, कारण जहाज हाकणाऱ्यांना समोर अंधार लागतो.

सगळ्यात मागच्या बाल्कनीचे भक्त वेगळेच. पाण्यावर उमटत जाणारी पांढरी वाट बघत तासन् तास बसतात. मलाही ती आवडते. फक्त इंजिनाची थरथर आणि धुराड्याची काजळी यांची तयारी ठेवा. पांढरा सदरा घालून कठड्याला टेकू नका.

‘बाल्कनी’ म्हणजे आपण समजतो तीच, असं धरून चालणं

रॉयल कॅरिबियन कंपनीचं ‘ओएसिस ऑफ द सीज’ हे जहाज २००९ साली आलं. तेव्हापासून त्या जातीच्या जहाजांवर आतल्या बाजूच्या बाल्कनी मिळतात. समोर समुद्र नाही, जहाजाच्या पोटातलं उघडं उद्यान किंवा बाजारपेठ. गिरगावातल्या चाळीच्या सज्जात बसल्यासारखं वाटतं, समोरचे आपल्याकडे आणि आपण त्यांच्याकडे बघतो. स्वस्त पडतं, आणि ज्याला माणसं बघायला आवडतात त्याला मजाही येते, पण समुद्रासाठी गेलेल्याचा हिरमोड होतो.

‘सेलिब्रिटी एज’ या २०१८ च्या जहाजाने ‘इन्फिनिट’ प्रकार आणला. त्यात बाहेर वेगळा सज्जा नसतोच. खोलीच्याच टोकाला मोठी काच, बटण दाबलं की तिचा वरचा अर्धा भाग खाली सरकतो. काच उघडली की एसी बंद, आणि हवा वाईट असली की कप्तान सगळ्यांच्या काचा बंद करून टाकतो. कार्निव्हल कंपनीच्या ‘कोव्ह’ बाल्कनी पाण्याच्या अगदी जवळ, जहाजाच्या अंगात खोबणीसारख्या. लाटांचा आवाज तिथल्यासारखा कुठेच नाही, पण समोर काचेऐवजी लोखंडी भिंत असते. खुर्चीत बसलेल्या बुटक्या माणसाला आभाळच दिसतं.

मुंबईहून सुटणाऱ्या ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाचा जन्म १९९० सालचा. त्या काळातल्या जहाजांवर खिडक्या भरपूर आणि बाल्कनी मोजक्या असायच्या. तिथे बाल्कनी हवी तर लवकर बुक करावी लागते. हवीच का, हा प्रश्न मात्र मी आधी विचारेन. दोन रात्रींच्या फेरीत जेवण, कार्यक्रम, पूल आणि गोव्यात उतरणं यांतून बाल्कनीत बसायला दोन-तीन तास मिळाले तर खूप. तेवढ्यासाठी समुद्राकडे खिडकी असलेली खोली पुरते. सात रात्रींच्या अलास्काला मी उलट सांगेन, दुसरीकडे काटकसर करा पण बाल्कनी घ्या.

चौघांना एका खोलीत कोंबणं

चौघांची खोली असं कागदावर असतं आणि ते खोटं नसतं. दोघं पलंगावर, एक जण सोफा उलगडून, एक जण छतातून खाली येणाऱ्या बंकवर. पण सोफा उलगडला की बऱ्याच खोल्यांत बाल्कनीचं दार जेमतेम वीतभर उघडतं. म्हणजे सूर्योदय बघायला मुलाला उठवा, सोफा मिटवा, मग बाहेर जा. मुलांना दुसरी, बिनखिडकीची आतली खोली समोरासमोर घेतली तर कधीकधी खर्चात फार फरक पडत नाही. दोन्ही प्रकारे दर विचारा.

दोन बाल्कनींच्या खोल्या शेजारी घेत असाल तर मधला पडदा, म्हणजे बाल्कनीतली आडभिंत, उघडता येते का ते बुकिंगच्या आधीच विचारा. सगळ्या उघडत नाहीत. उघडत असेल तर जहाजावर केबिन स्ट्युअर्डला, म्हणजे खोली आवरणाऱ्याला, सांगितलं की तो किल्ली आणून उघडून देतो, आणि मग संध्याकाळी सगळं खानदान एका ओळीत चहा घेतं.

लहान मूल असेल तर खुर्च्या कठड्यापासून लांब, दाराशी ठेवा. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यानुसार कठडा किमान ४२ इंच हवा, पण खुर्चीवर चढलेल्या पोराला ४२ इंच काहीच नाही.

खोलीत पोचल्यावर खोड निघाली तर

खोली बदलून हवी असेल तर पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा. जहाज भरलेलं असलं तरी ऐनवेळी न आलेल्यांच्या खोल्या कधीकधी मोकळ्या होतात, आणि त्या ज्याने आधी नाव सांगितलं त्याला मिळतात. आवाज न चढवता सांगा. तिथे रांगेत आपल्या पुढचे चार जण आवाज चढवून गेलेले असतात.

रात्री शिट्टीसारखा आवाज येत असेल तर बहुधा बाल्कनीच्या दाराचा दांडा पूर्ण फिरलेला नसतो. तो शेवटपर्यंत फिरवा, बसला की ‘टक्’ होतं आणि आवाज थांबतो. खडखड येत असेल तर बहुधा मधली आडभिंत सैल असते. फटीत जाड कागदाची घडी सारली की रात्र निभते, सकाळी स्ट्युअर्डला सांगा. फरशी ओली होत असेल तर बहुधा दार उघडं ठेवून एसी चालवलेला असतो. काचेवर मिठाचे पांढरे डाग साचले असतील तर तेही सांगा, बंदरात उभे असताना धुऊन देतात.

खोलीचं दार आणि बाल्कनीचं दार एकाच वेळी उघडू नका. वारा आरपार घुसतो आणि जड दार अशा जोराने आपटतं की मधे बोट सापडलं तर संपलंच. कोणी दारावर टकटक केली की आधी काचेचं दार लावायचं, मग पुढे जायचं.

कठड्यावर टॉवेल वाळत घालू नका. मोह होतो हे कबूल, आपला हात घरच्या बाल्कनीच्या सवयीने आपोआप जातो. पण तो टॉवेल उडून खालच्या कोणाच्या तरी बाल्कनीत पडतो किंवा समुद्रात जातो, आणि जहाजावरही त्याला मनाई असते. बऱ्याच बाथरूममध्ये शॉवरच्या भिंतीत एक छोटी गोल डबी असते. तिचं टोक ओढलं की दोरी निघते, समोरच्या खुंटीला अडकवायची. आईला ती तिसऱ्या दिवशी सापडली. तोवर तिच्या दोन ओढण्या मी लाइफबोटीच्या छपरावर पडलेल्या बघितल्या होत्या.