यूपीआय खातं गोठलं? आधी कोणी गोठवलं ते शोधा

पैसे जाईनात की बहुतेक जण ॲप काढून पुन्हा टाकतात. त्याने क्वचितच काही साधतं, कारण यूपीआय ॲपमध्ये पैसे नसतातच. ते बँकेत असतात. त्यामुळे आधी एटीएममधून किंवा बँकेच्या शाखेतून थोडी रक्कम काढून पाहा. निघाली, तर अडचण यूपीआयपुरती आहे: पिन लागोपाठ चुकला असेल, सिम बदललं असेल किंवा वर्षभर न वापरल्याने यूपीआय आयडी बंद झाला असेल. यासाठी धावपळ लागत नाही. चुकलेल्या पिनची अडचण साधारण दिवसभरात सुटते, बाकीच्यांसाठी ॲपवर नव्याने नोंदणी करावी.

रक्कम निघालीच नाही, तर शाखेत विचारा. केवायसीची मुदत संपली असेल किंवा दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसल्याने खातं निष्क्रिय झालं असेल, तर नव्याने केवायसी देऊन ते सुरू होतं. निष्क्रिय खातं सुरू करायला बँकेने शुल्क घ्यायचं नसतं.

खरी डोकेदुखी सायबर तक्रारीची. फसवला गेलेला माणूस 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करतो, आणि त्याचे पैसे पुढे ज्या ज्या खात्यांत गेले त्या सगळ्यांवर रोक येऊ शकते. ते पैसे चौथ्या हाताने मिळालेले विक्रेते तुम्ही असाल, फसवणाऱ्याशी ओळखही नसेल, तरी खातं अडकतं.

शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. अर्जात चार गोष्टी मागा: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलिस ठाणं, वादातली रक्कम, आणि तेवढ्याच रकमेवर लीन (फक्त ती रक्कम अडकवणं) आहे की पूर्ण खात्यावर डेबिट फ्रीझ (पैसे काढणंच बंद). शेवटचा मुद्दा सोडू नका. दोन हजारांच्या वादासाठी सगळं खातं बंद असेल, तर रोक त्या रकमेपुरतीच ठेवावी अशी लेखी मागणी करा. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना तसे निर्देश दिले होते. मात्र पोलिसांनी घातलेली रोक मॅनेजर स्वतःहून उठवू शकत नाही, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका.

पुढचं पत्र तपास अधिकाऱ्याला. ठाणं परराज्यात असलं तर आधी ईमेल, मग स्पीड पोस्ट. सोबत ओळखपत्र, सहा महिन्यांचं स्टेटमेंट (वादातली नोंद खूण करून), त्या व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, बिल, माल पोचवल्याचा पुरावा आणि ग्राहकाशी झालेले संदेश जोडा. मागाहून बनवलेलं बिल कधीही लावू नका. साक्षीदाराचा आरोपी व्हायला तेवढं पुरतं. खातं कुणाला वापरायला दिलं असेल किंवा क्रिप्टो विकून पैसे आले असतील, तर पत्र लिहिण्याआधी वकील गाठा.

'तक्रारदाराला पैसे परत पाठवा, खातं सुरू होईल' असा फोन आला तर पाठवू नका. लेखी आदेशाशिवाय दिलेले पैसे गेल्यावरही रोक तशीच राहू शकते, आणि फोन करणारा पोलिस असेलच असं नाही. शुल्क घेऊन खातं सोडवून देणारे 'एजंट'ही त्यातलेच.

डेबिट फ्रीझमध्ये पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत. म्हणून पगार लगेच दुसऱ्या खात्यात वळवा, आणि हप्त्याच्या तारखेआधी कर्ज देणाऱ्या संस्थेला नवं खातं कळवा. नाहीतर हप्ता परत जाऊन दंड लागेल.

अधिकारी दाद देत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मात्र यासाठी जाऊ नका. पोलिसांच्या आदेशावरून बँकेने केलेली कारवाई त्याच्या कक्षेबाहेर आहे. बँकेने स्वतःहून खातं अडवलं आणि तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर तो दरवाजा उपयोगाचा.

पोलिसांचं ना हरकत पत्र निघालं की त्याची प्रत स्वतःही शाखेत द्या. तरी खातं उघडलं नाही, तर दुसऱ्या एखाद्या पोचपावती क्रमांकाची रोक बाकी आहे का ते विचारा. प्रत्येक क्रमांकासाठी स्वतंत्र पत्र लागतं.