घाटरस्त्यांसाठी बीएमएसचे नियंत्रण कसे आखावे

निपाणीहून तवंदी घाट चढताना भरलेली मालवाहू इलेक्ट्रिक रिक्षा मध्येच बंद पडली आणि तिचा बॅटरी पॅक बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या टेबलावर आला, तेव्हा त्यातले सर्व 16 सेल धडधाकट निघाले. चढणीच्या भाराने एका सेलचे व्होल्टेज क्षणभर 2.5 च्या खाली गेले आणि बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण यंत्रणेने, तत्काळ प्रवाह तोडला, एवढेच झाले होते; पण मागून ट्रक येत असताना चालकाच्या जिवावर बेतणारी ही गोष्ट आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या चढउताराच्या भागासाठी बीएमएस तयार करणाऱ्याने प्रवाह आधी आवरावा आणि अगदीच इलाज नसेल तेव्हा तोडावा.

असा पॅक 51.2 व्होल्टचा, लिथियम आयर्न फॉस्फेटचा आणि 100 अँपिअर-अवरचा धरू. सेलचा अंतर्गत रोध 1 मिलिओहम असला तरी 150 अँपिअरला व्होल्टेज 0.15 ने कमी दिसते, सेल मात्र रिकामा झालेला नसतो. म्हणून सर्वांत कमी सेल 3.0 व्होल्टवर येताच मोटर कंट्रोलरला कळवलेली प्रवाहमर्यादा उतरवायला सुरुवात करावी, 2.8 पर्यंत ती एक तृतीयांशावर आणावी, चालकाला डॅशबोर्डवर इशारा द्यावा आणि 2.5 व्होल्टची स्थिती काही सेकंद टिकली तरच काँटॅक्टर (पॅकचा मुख्य स्विच) उघडावा. मर्यादा जलद उतरवावी पण सावकाश वाढवावी, नाहीतर गाडी हिसके देते. शॉर्ट सर्किटला हा संयम लागू नाही. तेथे सॉफ्टवेअरची वाट न पाहता हार्डवेअरनेच तोडले पाहिजे.

घाटमाथ्यावर पूर्ण चार्ज करून उतरणाऱ्या गाडीत ब्रेकिंगची ऊर्जा साठवायला जागाच नसते. सर्वांत भरलेला सेल 3.45 च्या पुढे गेला की रीजन (ब्रेकिंगची ऊर्जा बॅटरीत परत भरणे) टप्प्याटप्प्याने कमी करावे आणि 3.65 च्या आत शून्यावर आणावे. यांत्रिक ब्रेक एकट्याने पुरेसे आहेत, याची खात्री आधीच करून घ्यावी.

किती चार्ज उरला हे केवळ व्होल्टेजवरून ठरवू नये, कारण या रसायनात मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट राहते. पॅकमध्ये आलेल्या-गेलेल्या प्रवाहाची बेरीज ठेवावी. पण सेन्सर 0.2 अँपिअरने चुकत असेल तर 10 तासांत 2 टक्क्यांची चूक साचते, म्हणून प्रत्येक पूर्ण चार्जला आकडा 100 वर आणून बसवावा.

बॅलन्सिंगला, म्हणजे सर्व सेलांचा चार्ज सारखा करायला, वेळ द्यावा लागतो. सेलांमध्ये 1 टक्का, म्हणजे 1 अँपिअर-अवर फरक असेल आणि रोधातून 60 मिलिअँपिअर जिरत असतील, तर जवळपास 17 तास लागतात. तेव्हा ते चार्जिंगच्या शेवटी, व्होल्टेजमधला फरक स्पष्ट दिसतो तेव्हाच चालवावे.

शून्य अंशाखाली चार्जिंग बंद ठेवण्याचा नियम बेळगावच्या थंडीत सहसा लागत नाही, तरी तो ठेवावा. एनटीसी या तापमान मोजणाऱ्या सेन्सरची तार तुटली की बीएमएसला अतिथंड तापमान दिसते आणि तापलेला पॅक गार भासू शकतो. म्हणून अशक्य वाटणारे वाचन हा बिघाड मानावा, आणि पॅक गाडीत चढवण्यापूर्वी प्रत्येक सेन्सरची तार एकदा स्वतःच्या हाताने सोडवून बीएमएस काय करते ते पाहावे.