जुन्या बारूददानांचा संग्रह : पारख तोंडापासून सुरू करावी

ठासणीच्या बंदुकीत दारू, म्हणजे बारूद, आणि गोळी दोन्ही नळीच्या तोंडातून भरावी लागत. त्यामुळे बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाला दारू कोरडी राखणारे आणि घाईच्या वेळी नेमकी तेवढीच ओतता येईल असे पात्र, म्हणजेच बारूददान, जवळ ठेवणे भाग होते. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगभर ही पात्रे घडवली गेली, आणि ज्या मुलखात जे हाताशी होते त्यातून ती घडली : गाई-म्हशीचे शिंग, हरणाचे शिंग, कातडे, नारळाची करवंटी, लाकूड, शिंपले, हस्तिदंत, तांबे, पितळ, लोखंड. नवा संग्राहक बहुधा नक्षीवर भाळतो. पण नक्कल करणारा कारागीरही सर्वात जास्त मेहनत नक्षीवरच घेतो. म्हणून वस्तू हातात घेतल्यावर आधी तिचे तोंड, म्हणजे दारू बाहेर पडण्याची जागा आणि ती बंद करण्याची योजना, तपासावी असा माझा आग्रह आहे. तोंड फसवे बनवणे अवघड असते, कारण ते खरोखर चालावे लागते.

पहिला प्रश्न असा की पात्र कोणत्या दारूचे आहे. तोड्याच्या (जळत्या वातीने पेटवायच्या) आणि चकमकीच्या (गारेच्या ठिणगीने पेटवायच्या) बंदुकीला दोन प्रकारची दारू लागे. नळीत भरायची दारू भरड असे आणि कान्याशेजारच्या, म्हणजे नळीच्या बाजूला असलेल्या भोकाशेजारच्या, पेल्यात टाकायची रंजकाची (आग लावून देणारी) दारू बारीक असे. त्यामुळे दोन पात्रे बाळगण्याची रीत बहुतेक देशांत दिसते. मोठ्या पात्राचे तोंड रुंद असते, तर रंजकदान लहान, मुठीत मावणारे असून त्याची चोच अरुंद असते. भारतीय रंजकदानाच्या तोंडावर बहुधा पोलादी पट्टीची तरफ आणि स्प्रिंग असते. अंगठ्याने तरफ दाबली की बूच उचलले जाते आणि सोडले की आपोआप बसते. टोपीच्या बंदुका (ज्यांत घोडा आपटल्यावर लहान धातूच्या टोपीतील स्फोटक पेटते) एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांपासून पसरू लागल्यावर अशा बंदुकांना रंजकाची गरज उरली नाही. मात्र भारतात तोड्याच्या बंदुका त्यानंतरही दीर्घकाळ वापरात राहिल्या, त्यामुळे केवळ रंजकदान आहे म्हणून ते फार जुने असलेच पाहिजे असा निष्कर्ष काढू नये.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश तांब्या-पितळेच्या पात्रांचे तोंड तर मापाचे साधनच आहे. वरच्या नळीच्या टोकावर बोट ठेवायचे, पात्र उलटे करायचे, तरफ दाबून झडप उघडायची, नळी भरली की तरफ सोडायची आणि पात्र सरळ करायचे. नळीत उरते ती एका बाराची दारू. ही नळी अनेकदा सरकवून लहान-मोठी करता येते आणि तिच्यावर ड्रॅममध्ये खुणा कोरलेल्या असतात. एक ड्रॅम म्हणजे सुमारे 1.77 ग्रॅम. शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्स आणि हॉक्सली या कारखान्यांची नावे बहुधा या वरच्या भागावरच आढळतात. पात्राचे अंग ठशात दाबलेल्या दोन अर्ध्या भागांचे असून कडेने डाक देऊन (वितळवलेल्या धातूने) जोडलेले असते. जुन्या ठशातील शिकारी कुत्रे, पक्षी आणि पाने यांच्या कडा स्पष्ट असतात. अस्सल नगावरून साचा काढून ओतलेल्या नकलेत त्या कडा बोथट होतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. अमेरिकेतील कोल्ट पिस्तुलांसोबतच्या पात्रांच्या नकला इतक्या झाल्या आहेत की जाणकाराला दाखवल्यावाचून ती घेऊ नयेत.

भारतीय पात्रांत सर्वात देखणी म्हणजे सतराव्या शतकातील मोगल काळची हस्तिदंती रंजकदाने. एका टोकाला मान वळवलेले काळवीट, त्याच्या अंगातून उमटलेले हत्ती, चित्ते, पक्षी, आणि हे सगळे एकमेकांत गुंतलेले. त्यांची वक्र आकृती तळहातात बसेल अशी असते. गुजरातेत लाकडावर शिंपल्याच्या चकत्या बसवून केलेली पात्रे घडत. शंखाप्रमाणे वळलेला आकारही भारतीय कारागिरांचा आवडता होता आणि तो लाकूड, कातडे व धातू अशा वेगवेगळ्या द्रव्यांत आढळतो. राजस्थान आणि सिंध या भागांत साच्यावर वाळवलेल्या कातड्याची, रंगवलेली किंवा भरतकामाने मढवलेली पात्रे मिळतात. ती कमरपट्ट्याला तोसदान (काडतुसांची पेटी), गोळ्यांची पिशवी आणि चकमक यांच्यासह अडकवली जात. असा पूर्ण पट्टा सापडला तर त्याचे भाग कदापि वेगळे करू नयेत, कारण एकत्र राहिल्यानेच ते एकमेकांचा काळ आणि मुलूख सांगतात.

आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात, पिकांच्या राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका विसाव्या शतकातही वापरात होत्या. त्यामुळे जुन्या घरातून मिळालेले म्हशीच्या शिंगाचे किंवा पितळी पात्र आजोबांच्या काळचेही असू शकते. अशा वस्तूला शिवकालीन म्हणून विकणारे भेटतात. ठोस पुराव्याशिवाय तसे मानू नये. पण म्हणून ती वस्तू हलकीही समजू नये. एका गावातील, एका घरातील, ठाऊक असलेल्या बंदुकीचे साधे शिंग माझ्या मते निनावी नक्षीदार पात्रापेक्षा संग्रहात अधिक मोलाचे आहे.

भारताबाहेरची पात्रे ओळखताना आकार बराच मार्ग दाखवतो. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय पायदळाची पात्रे बहुधा त्रिकोणी, लाकडाची, कातड्याने किंवा मखमलीने मढवलेली आणि लोखंडी पट्ट्यांची असतात. जर्मन प्रदेशांत हरणाच्या दुफाट्या शिंगावर कोरीव प्रसंग असलेली पात्रे होती, तशीच मधे भोक असलेली गोल कड्यासारखी पात्रेही होती. स्कॉटलंडमध्ये गाईचे शिंग उष्णता देऊन चपटे करत आणि त्यावर गुंफलेल्या वेलपट्ट्या, कधी सालही, कोरत. उत्तर अमेरिकेत 1754 ते 1763 च्या फ्रेंच-इंग्रज युद्धात आणि पुढे स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांनी शिंगांवर आपली नावे, किल्ले आणि नद्यांचे नकाशे कोरून घेतले. तेथे शिंग जुने आणि कोरीवकाम नवे ही नेहमीची फसवणूक आहे. कॉकेशसमधील पात्रांवर चांदीत काळ्या मिन्याचे काम असते आणि मोरोक्कोत पितळेचे पत्रे व चांदी यांनी मढवलेली वक्र पात्रे दिसतात. जपानी पात्रे लाखकाम केलेल्या लाकडाची किंवा कागदाच्या लगद्याची, वजनाला हलकी असतात आणि कित्येकांचे टोपणच दारूचे माप असते.

द्रव्य ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा प्रकाश पुरेसा असतो. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषा दिसतात. हाडावर काळसर ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात. शिंगाचे पदर असतात आणि पातळ जागी ते प्रकाशासमोर धरल्यास उजेड आरपार येतो. हरणाचे शिंग आतून स्पंजासारखे सच्छिद्र असते. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्याने वस्तू कायमची बिघडते. हाडाच्या पट्ट्या लाकडावर किंवा पितळेवर चिकटवलेली नवी पात्रे पर्यटकांच्या बाजारात भरपूर आहेत. त्यांची तरफ बहुधा नुसती शोभेची असते, बूच नीट बसत नाही आणि पट्ट्यांच्या सांध्यांत काळा रंग सगळीकडे सारखा भरलेला असतो. खरी झीज तशी नसते : पट्ट्याला घासणारी बाजू गुळगुळीत होते, तरफेवर अंगठ्याची जागा झिजते, कडीचे भोक एका बाजूला ओढले जाते आणि नक्षीच्या खोबणीत मात्र जुना मळ राहतो.

आत काही खुळखुळत असेल तर पुढची तपासणी थांबवावी. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण कोरडे राहिले तर शंभर वर्षांनीही पेटते. ज्योत, बिडी-सिगारेट, पोलादी खरवडणी किंवा ड्रिल यांपैकी काहीही जवळ येऊ देऊ नये आणि पात्र आपटू नये. दारू पाण्याने निकामी होते, कारण सोरा विरघळतो. पण लाकूड व कातडे भिजल्याने फुगते, शिवाय विनापरवाना दारू बाळगणे हाही गुन्हा आहे. म्हणून पोलिसांना कळवून तज्ज्ञांकडूनच पात्र रिकामे करून घ्यावे.

कायद्याचा विचार पैसे देण्याआधी करावा, नंतर नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंत, तसेच सांबराच्या व चितळाच्या शिंगांच्या वस्तू यांचा व्यापार करता येत नाही. वस्तू जुनी आहे एवढ्याने सूट मिळत नाही. अशा द्रव्यांची उत्तम पात्रे संग्रहालयांत जाऊन पाहावीत; जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जुन्या शस्त्रांची दालने आहेत. घरासाठी पितळ, तांबे, लोखंड, लाकूड, करवंटी, म्हशीचे शिंग आणि साधे कातडे यांतही आयुष्यभर पुरेल इतके वैविध्य आहे. 1972 च्याच पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या विक्रेत्याकडे परवाना असावा लागतो. काही अधिसूचित प्रकारांची नोंदणीही सक्तीची आहे; आपली वस्तू त्यांत मोडते का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी विचारावे.

घेतलेल्या प्रत्येक पात्राला क्रमांक द्यावा आणि वहीत त्याची लांबी, वजन, द्रव्य, तोंडाची रचना, दुरुस्तीच्या खुणा, खरेदीची पावती आणि विकणाऱ्याने सांगितलेली हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावी; आपला तर्क वेगळ्या रकान्यात, तारखेसह लिहावा. पितळेला चिंच, लिंबू किंवा चकाकी आणणारी पूड लावू नये, कारण त्या एका घासणीत जुना मुलामा आणि झिजेचा पुरावा दोन्ही निघून जातात. मऊ कोरडा ब्रश पुरेसा आहे. गंजलेली तरफ जोराने दाबू नये, तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने लावून दिवसभर थांबावे. शिंगाला कसर लागते आणि कातड्याला पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून ही पात्रे बंद प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता आम्लविरहित कागदात सैल गुंडाळावीत, आणि मृगाच्या आधी एकदा व दसऱ्याच्या सुमारास एकदा बाहेर काढून बूच, सांधे व आतला भाग तपासावा.