चक्क्याचं कापड : या चुका टाळा

पाडवा आला की शेजारपाजारचा ठरलेला प्रश्न, "चक्का गळतच नाही हो!" दह्याला नावं ठेवण्याआधी कापड दाखवा, म्हणते मी.

सगळ्यात मोठी चूक कोऱ्या मलमलीची. आणली, फाडली, दही ओतलं. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ, म्हणजे स्टार्च लावतात, आणि कोऱ्या कापडात ती विणीच्या भोकांत बसलेली असते. आमच्या वडगावात दिवसभर मागांचा खडखडाट, तरी हे आमच्याच घरी घडलं. जाऊबाईंनी खडेबाजारातून कापड आणलं आणि तस्संच 4 लिटर दही बांधून रात्रभर खुंटीला टांगलं. सकाळी खाली वाटीभर पाणी, गाठोडं जडच्या जड. त्यात चैत्रातला उकाडा. दही इतकं आंबलं की साखर ओतून ओतून डबा रिकामा झाला, तरी सासरे पहिल्याच घासाला डोळे मिटून बसले. शेवटी विकतचं श्रीखंड आणलं.

मी नवं कापड 2 वेळा उकळून घेते. पाणी गढूळ येतंय तोवर खळ आहे. खात्री करायची तर कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळाशार झाला तर परत पातेल्यात. तो कोपरा मात्र कापून टाका.

दुसरी फसगत नावाची. मलमल म्हणजे तलम सुताची साधी वीण, एक उभा एक आडवा. पण 'मस्लिन' नाव वाचून ऑनलाइन मागवाल तर कधी कधी जाडंभरडं मांजरपाट हातात पडतं, कारण अमेरिकेत त्यालाच मस्लिन म्हणतात. कापड उजेडाला धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे माझं जुनाट मत.

औषधाच्या दुकानातलं गॉझ नकोच. वीण इतकी विरळ की दहीच खाली उतरतं, वर दोरे चक्क्यात.

भेसळीची शंका आली तर एक दोरा जाळा. सुताची राख होते, पॉलिस्टरची गुठळी.

वापरलेलं कापड आधी गार पाण्यात. गरम पाण्यात दूध धाग्याला धरून बसतं. सुगंधी लिक्विड तर लांबच ठेवा, श्रीखंडाला वेलचीचा वास हवा ना?

आणि तासाभरात चक्का हवा म्हणून वर वरवंटा ठेवणाऱ्यांनी सरळ विकत आणावा.

काठ दुमडून शिवून घ्या. माझा तुकडा 7 वर्षं टिकलाय. जाऊबाई दर पाडव्याला तोच मागून नेतात.